इंग्रजी पाकक्रियेचे शब्द

परभाषा शिकणाऱ्यास व्याकरण जितके अडवीत नाही तितके स्वयंपाकघर अडविते. कचेरीतला मसुदा इंग्रजीत बिनचूक लिहिणारा मराठी गृहस्थ, ‘भाजी परतून घ्या’ याचे इंग्रजी विचारले म्हणजे क्षणभर थबकतो. ‘फ्राय’ म्हणावे तर ते तळणे झाले. ‘रोस्ट’ म्हणावे तर भाजणे झाले. कोश त्याच्या मदतीस येतो तो एका मराठी शब्दासमोर तीनचार इंग्रजी शब्द मांडून, आणि घोटाळा अधिकच वाढतो. हे शब्द इंग्रजीत कोठून आणि कोणाच्या हातून आले हे पाहिले, तर हा गुंता बराचसा उकलतो.

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचे राज्य जिंकले. तोवर तेथील लोक काही कच्चे अन्न खात नव्हते. पाण्यात शिजविण्यास ते ‘सीद’ या शब्दाचे जुने रूप वापरीत. विस्तवावर भाजण्यास ‘ब्रेडन’, तळण्यास ‘हिर्स्तन’ आणि भट्टीत पाव भाजण्यास ‘बाकन’ हे त्यांचे धातू होते. ‘कुक’ आणि ‘किचन’ ही नामे तर लॅटिनमधून त्यापूर्वीच येऊन स्थिरावली होती. ज्या लॅटिन धातूपासून ती निघाली तो आणि संस्कृतातील ‘पच्’ हे एकाच मूळचे असल्यामुळे, इंग्रजांचा ‘कुक’ आणि मराठीतला ‘पाक’ हे दूरचे भाऊबंद ठरतात.

जेत्यांची भाषा फ्रेंच होती. दरबारात, न्यायासनापुढे आणि सरदारांच्या पंक्तीत तिचाच मान. तिच्यातून ‘बॉइल’, ‘फ्राय’, ‘रोस्ट’ आणि ‘स्ट्यू’ हे शब्द इंग्रजीत उतरले. यांपैकी ‘रोस्ट’ची कथा मोठी गमतीची आहे. तो शब्द मुळात फ्रेंचही नव्हे. जर्मन कुळातील फ्रँक टोळ्यांपासून तो फ्रेंचांनी उचलला होता. म्हणजे इंग्रजांच्याच भाषाकुळातला शब्द फ्रेंच पोशाख करून त्यांच्या घरी परतला. ‘स्ट्यू’चा मूळ अर्थ गरम पाण्याचे किंवा वाफेचे स्नान असा होता. लंडनच्या दक्षिणेस, थेम्सच्या पलीकडे साउथवर्क येथे जी स्नानगृहे होती त्यांना ‘स्ट्यूज’ म्हणत. त्यांचा लौकिक चांगला नव्हता, आणि १५४६ साली आठव्या हेन्रीने ती बंद करविली. मंदाग्नीवर झाकण ठेवून शिजणाऱ्या मांसाला हे नाव मिळाले ते या स्नानावरून.

सर वॉल्टर स्कॉटने १८१९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत एक विदूषक अशी फोड करतो की, जनावर गोठ्यात असते तेव्हा त्याचे नाव सॅक्सन आणि ताटात पडले की नॉर्मन. कारण राखणारा सॅक्सन, खाणारा नॉर्मन. ही उपपत्ती इतकी सुबक आहे की शाळांतून ती अद्याप शिकविली जाते. परंतु कागदपत्रे तिला पुरती दुजोरा देत नाहीत. ‘मटन’ हा शब्द पुढे कित्येक वर्षे जिवंत मेंढीलाही लावीत असत. पाकक्रियेचे शब्दही एका रात्रीत बदलले नाहीत. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी सुमारे १३९० साली सिद्ध केलेला ‘फॉर्म ऑफ क्युरी’ हा पाकग्रंथ इंग्रजीत आहे, आणि त्यात ‘सीद’, ‘बॉइल’ व ‘फ्राय’ हे तिन्ही शब्द एका पंगतीला बसलेले दिसतात. (यातील ‘क्युरी’चा दक्षिण भारतातील ‘करी’शी काही संबंध नाही; तिचा अर्थ केवळ स्वयंपाक.) १६११ च्या इंग्रजी बायबलातही ‘सीद’ हे क्रियापद अन्न शिजविण्याच्या अर्थाने आहेच. त्यानंतर मात्र ते चुलीवरून खाली उतरले. आज माणूस रागाने ‘सीद’ होतो, आणि त्याचेच जुने भूतकालवाचक रूप ‘सॉडन’ हे भिजून चिंब झालेल्या वस्तूस लावतात. ‘बेक’ तेवढा आपल्या जागी टिकला. पाव भाजण्याच्या नित्यकर्मात दरबारी आचाऱ्यांना नवे शिकविण्याजोगे फारसे नसावे.

सतराव्या शतकात फ्रेंच पाककलेची दुसरी लाट आली. ला व्हारेनचा ग्रंथ १६५१ साली फ्रान्सात निघाला आणि १६५३ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. श्रीमंतांच्या घरी फ्रेंच आचारी ठेवण्याची हौस वाढली, आणि पुस्तकांतून अशी परिभाषा शिरली की जी यजमानिणीस वाचता येई पण चुलीपाशी उभ्या असलेल्या मोलकरणीस कळत नसे. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली आपले पाकपुस्तक लिहिले ते हाच अडसर दूर करण्यासाठी. प्रस्तावनेत त्या एक मासला देतात. कोंबडीत ‘लार्डून’ खोचा म्हटले तर बिचारीला काही उमगणार नाही. डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे खोचा म्हटले की ती लागलीच कामाला लागेल. परिभाषा कोणासाठी, हा प्रश्न इतक्या सरळपणे फार थोड्या पंडितांनी विचारला असेल. याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीची ‘करी’ही सापडते.

शब्द तोच राहून क्रिया बदलते, असेही घडले. ‘रोस्ट’ म्हणजे सळईला टोचलेले मांस उघड्या ज्वाळेसमोर फिरवीत राहणे. ती सळई फिरविण्यास पोरे लावीत, पुष्कळ ठिकाणी चाकात कोंडलेला कुत्रा लावीत. एकोणिसाव्या शतकात लोखंडी बंद चुली घरोघर आल्या, सळई आणि कुत्रा दोन्ही गेले, आणि मांस भट्टीत जाऊ लागले. वास्तविक ते ‘बेक’ झाले; परंतु रविवारच्या जेवणाचा मान असा की नाव ‘रोस्ट’च राहिले. आज शिकणाऱ्याला या दोहोंतील भेद सांगताना शिक्षकांची जी तारांबळ उडते तिचे मूळ येथे आहे.

मराठीची विभागणी निराळी आहे. वांगे निखाऱ्यात, भाकरी तव्यावर, दाणे कढईत आणि पापड विस्तवावर. मराठीत हे सारे ‘भाजणे’. इंग्रजीत येथे ‘रोस्ट’, ‘बेक’, ‘टोस्ट’, ‘पार्च’ असे वेगवेगळे शब्द लागतात. उलट तेलाच्या बाबतीत मराठी काटेकोर आहे. पुरी तळतात, कांदा परततात; दोन्हींस इंग्रजी ‘फ्राय’ म्हणते आणि मग ‘डीप’, ‘शॅलो’ अशी विशेषणे जोडीत बसते. कांदा परतण्यासाठी इंग्रजीने एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांचा ‘सोते’ घेतला. त्याचा अर्थ उडी मारलेला, कारण तव्यातील जिन्नस उसळवावे लागतात. त्याही पुढे १९४५ साली ब्यूवेइ यांग चाओ या चिनी बाईंच्या पाकपुस्तकातून ‘स्टर-फ्राय’ हा जोडशब्द अमेरिकेत आला. तो मराठी ‘परतणे’च्या पुष्कळच जवळ जातो. अलीकडे मराठी घरांतूनही कांदा ‘फ्राय’ होऊ लागला आहे, आणि तो तळायचा की परतायचा हे सुनेला सासूस पुन्हा विचारावे लागते.

फोडणीस मात्र इंग्रजीत आपला असा शब्द झालाच नाही. तापलेल्या तेलात मोहरी तडतडवून ते तेल आमटीवर ओतणे ही क्रियाच त्या चुलीवर नव्हती. इंग्रजी पाकपुस्तके त्यासाठी ‘टेंपरिंग’ लिहितात, जो शब्द लोहार पोलादाला पाणी देण्याच्या कामीही वापरतो. अलीकडे कित्येक लेखक सरळ ‘तडका’ असेच छापतात.