पोलादातील मिश्रकाचा अपव्यय : एक ऐतिहासिक आलोचन

पोलादनिर्मितीच्या इतिहासात नव्या भट्ट्यांना जे स्थान मिळाले, ते त्यांतील रसात शेवटी टाकल्या जाणाऱ्या मिश्रकांना क्वचितच मिळाले आहे. वस्तुतः टाकलेल्या द्रव्यापैकी किती भाग पोलादात उतरतो आणि किती धातुमळीत वाया जातो, या प्रश्नावरच अनेक पद्धतींचे यशापयश अवलंबून राहिले.

ऑगस्ट १८५६ मध्ये हेन्री बेसेमर याने चेल्टनहॅम येथे आपली पद्धती जाहीर केली. वितळलेल्या बिडातून हवा फुंकली की कर्ब जळून जाई. परंतु त्याबरोबर रसात प्राणवायूही मुरे. असे पोलाद लाल तापलेले असता ठोकताच तडकू लागले. डीन अरण्यातील रॉबर्ट मशेट याने फुंकणी संपल्यावर त्यात श्पीगलआयझेन मिसळले. या जर्मन नावाचा अर्थ ‘आरसा-लोखंड’. त्यातील मँगॅनीज प्राणवायू ओढून घेई व गंधकाचा उपद्रव आवरी. त्यातील कर्ब जळालेल्या कर्बाची भरपाई करी. स्फुरदाचा दोष मात्र याने जात नसे. त्यासाठी अल्पस्फुरद खनिजच लागे. मशेटचे एकस्व १८५९ मध्ये शुल्क न भरल्यामुळे रद्द झाले, आणि त्याच्या शोधाचा लाभ इतरांना झाला. पुढे बेसेमरने त्यास वार्षिक ३०० पौंडांचे वेतन बांधून दिले.

श्पीगलआयझेनची मर्यादाही लवकरच ध्यानी आली. मँगॅनीजबरोबर पुष्कळ कर्ब येत असल्याने मऊ पोलादास ते निरुपयोगी ठरे. म्हणून अधिक मँगॅनीजयुक्त फेरोमँगॅनीज पुढे आले. या मागणीमुळेच विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर, भंडारा व बालाघाट येथील खनिजास जागतिक बाजारपेठ लाभली. फर्मर याने १९०९ मध्ये भारतातील या निक्षेपांचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी या खनिजाचा बहुतेक भाग कच्च्या स्वरूपातच परदेशी जाई. अर्थात भट्टीत वाया जाणाऱ्या प्रत्येक मणामागे विदर्भातील खाणकामगाराचे श्रमही वाया जात, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

अपव्ययाची कारणे तीन. रसात विरघळलेला प्राणवायू मिश्रकास जाळतो. वर तरंगणाऱ्या मळीतील लोहाचे ऑक्साइड तेच करते. आणि हलके द्रव्य रसात बुडतच नाही. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणून वरून टाकलेला तुकडा मळीतच संपतो. कॅल्शियम तर १,४८४ अंशांवर उकळते आणि पोलादाचा रस सुमारे १,६०० अंशांवर असतो. म्हणजे ते वाफ होऊनच निसटते.

या अपव्ययाचे मोल हिशेबाने कळते. १०० टन पोलादात ०.८ टक्के मँगॅनीज हवे असून मुळात ते नाही, असे धरू. ७५ टक्क्यांच्या फेरोमँगॅनीजपैकी ८० टक्के धातू पोलादात उतरत असेल, तर सुमारे १,३३० किलो लागेल. ९५ टक्के उतरत असेल, तर सुमारे १,१२० किलो पुरेल.

ही सुधारणा मिश्रक बदलून नव्हे, तर ते टाकण्याची वेळ व स्थळ बदलून साधली. प्रथम ॲल्युमिनियम वा सिलिकॉनने रस शांत करावयाचा, नंतर मौल्यवान द्रव्य टाकावयाचे, असा क्रम रूढ झाला. अशा पोलादास इंग्रजीत ‘मारलेले’ म्हणतात, तर जर्मनमध्ये ‘शांतविलेले’. उकळी थांबण्याची एकच घटना दोन भाषांनी दोन तऱ्हांनी पाहिली. १९६० च्या दशकापासून हे काम भट्टीतून ओतपात्रात, म्हणजे लॅडलमध्ये, सरकत गेले. तेथे भट्टीतील मळी अडवून तळातून आर्गॉन सोडतात. त्यामुळे रस ढवळला जातो. जपानी पद्धतीत आर्गॉनने मळी बाजूस सारून उघड्या झालेल्या रसावर घंटेसारखे आच्छादन उतरवतात व त्यातूनच मिश्रक टाकतात. कॅल्शियम पोलादी वेष्टनाच्या तारेत भरून खोल सोडले जाते. तेथील दाबामुळे त्याची वाफ होण्यास विलंब लागतो.

मशेटने फुंकणी संपेपर्यंत थांबण्याचा जो विवेक दाखविला, त्याचाच हा विस्तार होय. द्रव्य कोणते टाकावे यापेक्षा ते कोणत्या अवस्थेतील रसात टाकावे, याच्या ज्ञानानेच पोलादाची काटकसर वाढत गेली, असे या इतिहासावरून दिसते.