स्मृतिचित्रांतील खिन्नता

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची ओळख आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा विनोदाच्या वाटेने होते. टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचे अचानक घरातून निघून जाणे, लक्ष्मीबाईंच्या फजित्या यांवर विद्यार्थी मनसोक्त हसतात आणि तास संपतो. या हसण्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र नाशिक परिसरातील एका कुटुंबाच्या मनःस्वास्थ्याचा साठ-सत्तर वर्षांचा वृत्तांत म्हणूनही हा ग्रंथ वाचता येतो, आणि तसा तो फारसा वाचला गेलेला नाही, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या धामधुमीत घरातील एका ज्येष्ठ आप्ताला फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडील पुन्हा सावरले नाहीत. त्यांच्या भयाने सोवळ्याचे रूप घेतले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येईना. धुण्याला अंत राहिला नाही, आणि त्याचे ओझे घरातील बायकामुलांनी वाहिले. विटाळाची कल्पना समाजमान्य असल्यामुळे हा आजार कर्मठपणात खपून गेला. सरकारच्या लेखीही मधली पायरी नव्हती. १८५८ च्या कायद्याला ठाऊक होते ते वेड्यांचे इस्पितळ. घरात राहून, चारचौघांत वावरून आतून खचलेल्या माणसासाठी त्या काळी ना शब्द होता ना उपाय. लेकीने कित्येक वर्षांनी हा सारा प्रकार हसत सांगितला म्हणून तो हसण्याजोगा होता असे मात्र नव्हे.

विवाह झाला तो नारायण वामन टिळकांशी. तेही लहानपणी आईच्या मृत्यूनंतर कोकणातील घर सोडून नाशिकला आलेले. पुढेही कोणत्याही एका गावी, एका नोकरीत त्यांचा पाय ठरला नाही. या अस्वस्थतेची किंमत लक्ष्मीबाई मोजत राहिल्या; त्यातच मुलांचे मृत्यूही आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. सवाष्ण असून संसार नाही. पदरी लहानगा दत्तू आणि आसरा नातलगांचा. हा वियोग सुमारे पाच वर्षे चालला. त्या काळातील त्यांची अवस्था त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे आणि ती वाचताना मन थरारते.

आजच्या वैद्यकातील नाव त्या अवस्थेला द्यावे काय? आम्ही देणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या व्यक्तीचे पुस्तकावरून निदान करणे हा अभ्यासकाचा अधिकार नव्हे. आम्हांला पडणारा प्रश्न निराळा आहे: ज्या बाईची जगण्याची उमेद इतकी मोडली होती, ती पुन्हा हालचाल करू लागली ती कशाच्या आधाराने?

उमेद आधी आली आणि मग काम सुरू झाले, असा क्रम ‘स्मृतिचित्रां’त आम्हांला तरी आढळत नाही. काम बाहेरून येते, बहुधा दुसऱ्या कोणाच्या गरजेतून. प्रथम दत्तूला सांभाळणे. मग कविता: जेमतेम लिहिता-वाचता येणारी ही बाई वियोगाच्या काळात पदे जुळवू लागली. टिळकांकडे परतल्यावरही मन एका दिवसात पालटले नाही. जुने सोवळे घेऊन त्या वेगळी चूल मांडून राहिल्या. जातिभेदाची पकड हळूहळू सुटली आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने धर्मांतर केले. पुढे दुष्काळातील अनाथ मुले आणि नगरची प्लेगची छावणी. १९१९ साली टिळक गेले. त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे साडेदहा अध्याय झाले होते; पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ही आत्मचरित्र लिहावे या महत्त्वाकांक्षेतून उगवलेली नाहीत. चिरंजीव देवदत्तांनी वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्या आणि आई लिहीत बसली. १९३४ ते १९३६ या काळात त्या चार भागांत प्रसिद्ध झाल्या. शेवटचा भाग पाहायला लेखिका नव्हती; १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिक येथे त्यांचे निधन झाले होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या चरित्रावरून ‘लक्ष्मीबाईंना जमले, मग तुला का नाही?’ असे कोणा खचलेल्या विद्यार्थ्याला विचारणे हा ग्रंथाचा आणि विद्यार्थ्याचाही अपमान होईल. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. त्या काळात बहिणीने घरात जागा दिली, कोणीतरी मूल पाहिले, कोणीतरी रात्री उशाशी बसले. हे ‘कोणीतरी’ वगळून उरते ती केवळ स्फूर्तिकथा. जलालपूरच्या वडिलांना असे काही लाभले नाही. त्यांच्या दुःखाला दुःख म्हणून कोणी ओळखलेच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा आज प्रत्येकाचा हक्क मानला आहे. तरीही ‘आळशी’, ‘नाटकी’, ‘अभ्यासात लक्ष नाही’ ही आपल्या महाविद्यालयांतील विशेषणे त्या जुन्या सोवळ्यासारखेच काम करतात: आजार झाकतात.

म्हणून हा पाठ शिकवताना विनोदी उताऱ्याच्या अलीकडची आणि पलीकडची पानेही वर्गात वाचावीत, अशी आमची सूचना आहे. विद्यार्थी हसतीलच. पण मागच्या बाकावर कोणी न हसता ऐकत असेल, तर त्यालाही या ग्रंथात जागा आहे, हे त्या पानांवरून त्याला कळेल.