नेपरव्हिलहून बालीला : सुट्टीचे नियोजन

शिकागोच्या पश्चिमेस वसलेल्या नेपरव्हिलमधील मराठी कुटुंबाची लांब सुट्टी बहुधा भारतभेटीतच सरते. तीत आठवडाभर इंडोनेशियातील बाली बेट जोडायचे, तर विमानतिकिटापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात : ऋतू, प्रवेशाचे नियम आणि अमेरिकेत परतण्याची कागदपत्रे.

ऋतू

बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च पावसाळा आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो. त्यामुळे महाराष्ट्रात पावसाची झड लागते, तेव्हा बालीत आकाश निरभ्र असते. इलिनॉयमधील शाळांची उन्हाळी सुट्टी या हंगामाशी नेमकी जुळते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. डिसेंबरची सुट्टी ऐन पावसाळ्यात येते.

मार्चमध्ये जाणाऱ्यांनी ‘न्येपी’ची तिथी पाहून घ्यावी. हा बालीच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. त्याची कालगणना आपल्या शालिवाहन शकाप्रमाणेच इ. स. ७८ पासून चालते, म्हणून तो गुढीपाडव्याच्या आसपास येतो. २०२६ मध्ये दोन्ही सण १९ मार्चलाच होते. आपल्याकडे त्या दिवशी गुढी उभारतात. बालीत संपूर्ण मौन पाळतात. दिवे मंद ठेवले जातात, रस्ते ओस पडतात आणि विमानतळ २४ तास बंद राहतो. पर्यटकांनाही निवासस्थानाबाहेर पडता येत नाही.

प्रवेश

भारतीय आणि अमेरिकी पारपत्रधारकांना ३० दिवसांचा आगमन-व्हिसा मिळतो. तो ऑनलाइन आधीच घेता येतो. शुल्क माणशी ५ लाख रुपिया आहे. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी पर्यटकांकडून दीड लाख रुपियांचा वेगळा करही घेतो. पारपत्राची मुदत आगमनानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. नियम आणि शुल्क बदलत असल्याने अधिकृत संकेतस्थळ प्रवासापूर्वी पुन्हा तपासावे.

परतीची वाट

खरी अडचण येथे उद्भवते. एकाच घरात मुलांकडे अमेरिकी पारपत्र, तर आई-वडील एच-१बी आणि एच-४ वर, असे चित्र सर्रास दिसते. मुदतवाढीची मंजुरी हाती असली, तरी पारपत्रातील व्हिसा संपलेला असू शकतो. अशा व्यक्तीला कॅनडा वा मेक्सिकोच्या अल्प दौऱ्यानंतर मिळणारी स्वयंचलित व्हिसा-सवलत इंडोनेशियाहून परतताना लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ पासून बिगर-स्थलांतरित व्हिसासाठी अर्ज नागरिकत्वाच्या अथवा वास्तव्याच्या देशातच करावा, असे अमेरिकेचे धोरण आहे. म्हणून जकार्तात स्टॅम्पिंग करून घेण्याचा बेत आखू नये. भारतातील मुलाखतीची तारीख निश्चित झाल्यावरच परतीचे तिकीट काढावे. ग्रीन कार्डचा अंतिम अर्ज प्रलंबित असल्यास देश सोडण्यापूर्वी वकिलाचा सल्ला आवश्यक ठरतो. भारतही वाटेत असेल, तर मुलांची ओसीआय कार्डे सोबत घ्यावीत.

आरोग्य आणि कायदा

बालीत डेंग्यूचा धोका वर्षभर असतो आणि २००८ पासून रेबीजही आढळतो. उबुदच्या माकडांपासून मुलांना दूर ठेवावे. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणाने १५ मिनिटे धुऊन विनाविलंब डॉक्टर गाठावा. अमेरिकी मेडिकेअर परदेशात सहसा चालत नाही. ज्येष्ठांसाठी वेगळा प्रवासविमा घ्यावा. स्कूटर चालवायची असेल, तर दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो नसल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून प्रौढांना गांजा कायदेशीर आहे. इंडोनेशियात मात्र त्याची गोळी-चॉकलेटेही तुरुंगाची वाट दाखवतात. जुन्या बॅगांचे कप्पे निघण्यापूर्वी झाडून पाहावेत. डॉक्टरांनी दिलेली औषधे मूळ डबीत, चिठ्ठीसह ठेवावीत आणि ती तेथे चालतात का, हे इंडोनेशियाच्या दूतावासाकडून आधी जाणून घ्यावे.

शाकाहार

टोफू आणि तेम्पे सर्वत्र मिळतात. परंतु सांबल आणि शेंगदाण्याच्या रश्शात ‘तेरासी’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, असू शकतो. ‘तनपा तेरासी’, अर्थात तेरासीविना, हे दोन शब्द पाठ असलेले बरे.