न्यूमोनियाच्या जिवाणूतील जनुकीय बदलांचा मागोवा

न्यूमोनियास कारणीभूत ठरणारा ‘स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए’ हा जिवाणू प्रतिजैविकांना कसा दाद देईनासा होतो, याचा उलगडा त्याच्या जनुकसंहितेतून झाला आहे. ब्रिटनच्या सँगर संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ ते २००८ या काळात विविध देशांतून गोळा केलेल्या, अनेक औषधांना न जुमानणाऱ्या एकाच वंशाच्या २४० नमुन्यांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या वंशाचा उगम १९७० च्या सुमारास झाल्याचा अंदाज आहे. त्याच्या संहितेत साधारण १५ आठवड्यांत एक अक्षर बदलते. मात्र मोठे बदल घडतात ते इतर जिवाणूंच्या डीएनएचे तुकडे सामावून घेतल्याने. असे ७०० हून अधिक प्रसंग आढळले.

पेनिसिलिन जिवाणूच्या काही प्रथिनांना चिकटून त्याची पेशीभित्तिका उभी राहू देत नाही. या प्रथिनांची जनुके उसन्या तुकड्यांमुळे बदलली, की औषधाचा प्रभाव घटतो. बाह्य आवरणाची जनुके बदलल्यास जिवाणू लसीलाही चकवू शकतो.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात या जिवाणूविरुद्धच्या लसीचा समावेश २०१७ पासून टप्प्याटप्प्याने झाला. बालकांना मिळालेले हे संरक्षण टिकवायचे, तर लसीकरणानंतरही जिवाणूतील बदलांवर लक्ष ठेवणे अगत्याचे ठरते.