सोन्याचे घड्याळ, घड्याळाचे सोने

व्हिएतनामचे अखेरचे सम्राट बाओ दाई यांनी १९५४ मध्ये शांतता परिषदेच्या काळात जिनिव्हात खरेदी केलेले रोलेक्सचे सोन्याचे मनगटी घड्याळ मे २०१७ मध्ये त्याच शहरात लिलावाला निघाले. काळी तबकडी, तिच्यावर हिऱ्यांच्या खुणा, सोबत वार, तारीख, महिना आणि चंद्रकला. खरेदीदाराने त्यासाठी ५० लाख ६६ हजार स्विस फ्रँक मोजले. त्यातील सोने सराफाच्या काट्यावर ठेवले असते, तर या रकमेचा नगण्य अंशही हाती आला नसता.

जुन्या सोन्याच्या घड्याळांच्या संग्रहाचे मर्म या तफावतीत आहे. पाटेक फिलिपच्या '१५१८' या १९४१ च्या मॉडेलची बहुतेक घड्याळे सोन्याची. पोलादी केवळ चार ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०१६ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख फ्रँकना विकले गेले. धातूपेक्षा दुर्मीळतेला भाव अधिक, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तरीही कस तपासणे ही पहिली पायरी. स्विस घड्याळाच्या मागील झाकणाच्या आतील बाजूस बहुधा लहानसा ठसा असतो. हेल्व्हेशिया या स्त्रीप्रतिमेचे मस्तक म्हणजे १८ कॅरट, खार म्हणजे १४ कॅरट. १९९५ पासून त्यांची जागा सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या मस्तकाने घेतली. साहजिकच, १९५० च्या दशकातील म्हणून दाखवल्या जाणाऱ्या घड्याळावर कुत्रा दिसला, तर खरेदीदाराने सावध झालेले बरे. 'गोल्ड फिल्ड' किंवा मायक्रॉनचा आकडा आढळल्यास तो हलक्या धातूवरील सोन्याचा थर समजावा. अशी घड्याळे टाकाऊ नव्हेत. मात्र ती भरीव सोन्याच्या किमतीत घेणे ही फसगत होय.

संग्राहकांचा खरा शत्रू चोर नसून पॉलिश आहे. सोने मऊ असते. प्रत्येक चकाकीबरोबर त्याचा थोडा अंश झिजतो, पट्टा अडकवण्याच्या कानांच्या धारदार कडा गोलावतात आणि ठसे पुसट होतात. गेलेली कड सहजासहजी परत येत नाही. चरे पडलेली, पण मूळ आकार राखून असलेली डबी जाणकाराला आरशासारख्या डबीहून अधिक मोलाची वाटते, ती यामुळेच.

तबकडीचेही तसेच. कालौघात पिवळसर झालेली मूळ तबकडी नव्याने रंगवली की किंमत घसरते. रंगवलेल्या तबकड्या व सरमिसळ सुटे भाग असलेल्या, भारतीय बाजारातून येणाऱ्या घड्याळांना परदेशी संग्राहकांनी 'मुंबई स्पेशल' असे उपहासाचे नाव दिले आहे. यात घड्याळजींवर काहीसा अन्यायच होतो. गिऱ्हाईकाला घड्याळ चालू आणि नव्यासारखे हवे असे. त्यांनी ते तसे करून दिले. प्रश्न उद्भवतो तो असे घड्याळ मूळ स्थितीतील म्हणून विकले जाते तेव्हा.

अस्सल नमुने घटण्यास सोन्याचा भावही कारणीभूत ठरला. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. गंमत म्हणजे तेही १८ कॅरट सोन्याचेच होते, किंमत साडेचार लाख येन. पुढे स्वस्त क्वार्ट्झने चावीच्या घड्याळांचा बाजार मोडला आणि जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरवर पोहोचले. अनेक सुबक डब्या मुशीत गेल्या. यंत्रे उरली, डब्या गेल्या. अशी निराधार यंत्रे पुढे अन्य डब्यांत बसवली गेली. डबी व यंत्र यांचे क्रमांक जुळवून पाहण्याचा आग्रह धरला जातो, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

पाटेक फिलिपसारख्या कंपन्या जुन्या नोंदवह्यांतील उतारा शुल्क घेऊन देतात. त्यात निर्मितीचे वर्ष, डबीचा धातू आणि विक्रीची तारीख नमूद असते. घरात आजोबांचे सोन्याचे घड्याळ पडून असेल, तर ते मोडीत घालण्यापूर्वी किंवा उजळायला देण्यापूर्वी मागचे झाकण जाणकार घड्याळजीकडून उघडून क्रमांक टिपून घ्यावेत. काटे वा आकडे अंधारात चमकणारे असल्यास काच घरी मुळीच काढू नये. जुन्या तबकड्यांवर रेडियम असू शकते. चमक विझली तरी त्याचा किरणोत्सर्ग शतकानुशतके टिकतो.