कोरीगडाचा पाडाव (१८१८) : तटाची साक्ष

मराठेशाहीच्या अखेरीचे विवेचन बहुधा खडकीची लढाई व १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजी निशाण यांपाशीच थांबते. मुळशी तालुक्यातील कोरीगड मात्र त्यानंतरही सुमारे चार महिने पेशव्यांकडेच होता. लोहगड-विसापूर घेऊन कर्नल प्रॉथर मार्च १८१८ मध्ये येथे आला. १४ मार्च रोजी एक कुलपी गोळा दारूकोठारावर पडला, मोठा स्फोट झाला आणि शिबंदीने गड सोडला.

एवढ्यावरून शिबंदी कचरली असे म्हणणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. गडाचा तट आजही बहुतांशी सलग उभा आहे. तो चढून येणाऱ्या फौजेस अडविण्यासाठी बांधलेला होता. वरून आत कोसळणाऱ्या गोळ्यापुढे त्याचा उपयोग नव्हता, आणि कोठार गेल्यावर तोफा असूनही लढण्यास दारू उरली नाही. मे महिन्यात रायगडही प्रॉथरच्याच भडिमाराने पडला. तेथे तर आगीत राजवाडा जळाला. खुद्द दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला तो त्यानंतर, ३ जून १८१८ रोजी. तोवर मावळातील या शिबंद्या धन्याच्या पाठबळावाचूनच लढत होत्या.