लोकरीचे नाताळचक्र

नाताळात दारावर टांगण्यासाठी लोकर गुंडाळून घरी केलेले गोल कडे. युरोप-अमेरिकेत अशी चक्रे मुळात फर, होली यांसारख्या सदाहरित झाडांच्या डहाळ्यांची. त्यांचेच एक भावंड म्हणजे नाताळपूर्वीच्या आगमनकाळातील (अॅडव्हेंट) मेणबत्त्यांचे चक्र. ते १८३९ मध्ये हॅम्बर्ग येथे योहान हिन्रिख विचर्न यांनी आपल्या आश्रमातील मुलांसाठी गाडीच्या चाकावर उभारले. लोकरीचे चक्र सुकत नाही, वर्षानुवर्षे टिकते.

सांगाडा पुठ्ठ्याचा किंवा थर्मोकोलचा. खरे कसब गुंडाळण्यात आहे: कड्याचा आतला घेर लहान असल्याने तेथे धागे एकमेकांवर चढतात आणि बाहेरच्या कडेला फटी पडतात. म्हणून दुसरा थर बाहेरच्या फटींवर नेमका बसवावा लागतो. जाड लोकरीने काम लवकर उरकते. सजावटीच्या गोंड्यांसाठी बोटांभोवती लोकर गुंडाळून मधोमध करकचून बांधतात, दोन्हीकडचे फासे कापतात आणि कात्रीने गोलाई देतात; गाठ सैल राहिली तर गोंडा विस्कटतो. थर्मोकोलवर गोंडे टाचणीने बसवावेत, कारण गरम गोंदाने थर्मोकोल वितळतो. अॅक्रिलिक लोकर पेटते, तेव्हा मेणबत्त्या दूरच हव्यात.

महाराष्ट्रातील घरोघरच्या क्रोशाच्या लोकरी तोरणांशी या कलेचे जवळचे साम्य आहे.